नांगराला विसावा, मातीला पांघरूण

अक्षय तृतीया ओलांडली की विदर्भातील खेड्यापाड्यांत ट्रॅक्टरची घरघर रात्री उशिरापर्यंत ऐकू येते. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे आणि आसपासची गावे याला अपवाद नाहीत. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा, उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्यात उतरत जाणारी जमीन, पायथ्याशी हलकी मुरमाड माती आणि सखल भागात भारी काळी रेगूर अशी या पट्ट्याची रचना आहे. कापूस, मका, सोयाबीन आणि तूर ही येथील खरिपाची मुख्य पिके. आधी खोल नांगरट, मग रोटाव्हेटर, त्यावर वखराच्या पाळ्या, असे सारे सोपस्कार उरकून मृगाच्या तोंडावर शेत तळहातासारखे स्वच्छ दिसू लागते. गावात त्या शेतकऱ्याचे कौतुकही होते. परंतु पहिला वळवाचा पाऊस धो धो कोसळतो आणि भुसभुशीत केलेल्या त्याच मातीचा वरचा थर गढूळ पाण्याबरोबर धुऱ्यावरून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातो. घाम गाळून, पैसा ओतून मोकळी केलेली माती पेरणीपूर्वीच शेताबाहेर पडलेली असते.

ही हानी लहानसहान नाही. ध्रुवनारायण आणि राम बाबू या भारतीय मृदाशास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडलेल्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती वाहून जाते. तिच्यातील सुमारे २९ टक्के कायमची समुद्राला मिळते आणि सुमारे १० टक्के धरणांत गाळ म्हणून साचते. मातीचा एक इंच थर तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. तो थर एका पिढीच्या हातून निसटत असेल, तर शेतीच्या नफ्यातोट्याच्या हिशेबात मातीचा हा रकाना कोठेच का नसावा?

जगाने नांगराकडे नव्याने पाहिले

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकानंतर अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांत धुळीची प्रचंड वादळे उठली. कुरणे फोडून यंत्राने नांगरलेली लक्षावधी एकर जमीन दुष्काळात उघडी पडली आणि वाऱ्याबरोबर उडून गेली. त्या अनुभवातून खोल नांगरटीविषयी शंका घेणारा विचार पुढे आला. १९४३ साली एडवर्ड फॉकनर या अमेरिकी लेखकाने नांगरटीच्या उपयुक्ततेलाच आव्हान देणारे पुस्तक लिहिले आणि त्यावर मोठे वादळ उठले. ब्राझीलच्या पाराना प्रांतात हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने १९७२ साली न नांगरता पेरणी सुरू केली. पुढे दक्षिण अमेरिकेत ही पद्धत कोट्यवधी एकरांवर गेली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने या पद्धतीला तीन सूत्रांत बांधले : मातीची कमीत कमी हालवाहालव, जमिनीवर कायम पिकांच्या अवशेषांचे पांघरूण, आणि पिकांची फेरपालट किंवा मिश्रण. हीच संवर्धित शेती.

ब्राझील आणि अमेरिकेतील शेते हजारो एकरांची आहेत. त्यांचे अनुभव चार-पाच एकरांच्या मोताळ्याच्या शेतकऱ्याला थेट उपयोगाचे नाहीत. त्याच्याशी नाते सांगणारा शेतकरी पाहायचा तर पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे वळले पाहिजे. मलावीतील बहुसंख्य शेतकऱ्यांकडे एक हेक्टरपेक्षाही कमी जमीन आहे. मका हेच त्यांचे मुख्य अन्न आहे आणि पाऊस हाच पाण्याचा आधार. दरवर्षी पावसापूर्वी हाताच्या कुदळीने साऱ्या शेतात नवे वरंबे ओढायचे, हे तेथील सर्वांत कष्टाचे काम. २००५ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय मका आणि गहू सुधार केंद्राने मलावीच्या नखोटाकोटा भागात शेतकऱ्यांच्याच शेतांवर प्रात्यक्षिके सुरू केली. वरंबे ओढू नयेत, मक्याची धाटे जमिनीवरच पसरावीत, टोकदार काठीने भोक पाडून बी टोकावे, सोबत तूर, चवळी किंवा भुईमूग घ्यावा, असा तो साधा क्रम होता. पहिल्या एक-दोन हंगामांत उत्पादनात फारसा फरक दिसला नाही. पुढे तो दिसू लागला, विशेषतः पावसाने मध्येच दडी मारली तेव्हा. कष्ट मात्र पहिल्याच वर्षी वाचले. पुढे २०१० ते २०१९ या काळात ऑस्ट्रेलियाच्या अर्थसाहाय्याने इथिओपिया, केनिया, टांझानिया, मलावी आणि मोझांबिक या पाच देशांत मका व कडधान्यांची जोडी केंद्रस्थानी ठेवून मोठा प्रकल्प राबवला गेला.

मराठी वाचकाला हे सारे दूरदेशीचे वाटेल. तथापि, या मक्याच्या शेतांचा आपल्या स्वयंपाकघराशी थेट संबंध आहे. तुरीची टंचाई भासली तेव्हा भारताने २०१६ साली मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला. २०२१ साली मलावीकडून दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचा पाच वर्षांचा करार झाला. म्हणजे ज्या देशांतील लहान शेतकरी मक्याच्या ओळींत तूर लावून आपली माती राखू पाहतो, त्यांची तूर आपल्या वरणात शिजली आहे. आणि ज्या विदर्भाची तूर एकेकाळी प्रत्येक शेतात असे, तेथे आज सलग सोयाबीन किंवा सलग मका पाहायला मिळतो. कडधान्यांत स्वयंपूर्णता हा राष्ट्रीय संकल्प असेल, तर त्याची सुरुवात मक्याच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेपासून करता येईल.

महाराष्ट्रातील वाट

हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी भात आणि उसात विना नांगरणीचे प्रयोग वर्षानुवर्षे केले आणि मातीतील सूक्ष्मजीवांच्या अंगाने त्यांची मांडणी केली. रायगड जिल्ह्यातील नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी गादीवाफ्यांचे तंत्र विकसित केले. सुमारे साडेचार फुटी अंतराचे गादीवाफे एकदाच तयार करायचे आणि त्यांना पुन्हा नांगर लावायचा नाही. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडून बी टोकायचे. कापणीनंतर झाड उपटायचे नाही, जमिनीलगत कापायचे. मुळे आत कुजतात, त्यांच्या जागी सूक्ष्म नळ्या तयार होतात, त्यांतून हवा आणि पाणी खेळते, गांडुळे परत येतात. भातापासून सुरू झालेले हे तंत्र विदर्भ-मराठवाड्यात कापूस, सोयाबीन, मका, हरभरा यांपर्यंत पोचले. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही शून्य मशागतीच्या प्रसाराला स्थान मिळाले. बुलढाणा हा त्या प्रकल्पातील एक जिल्हा.

काळ्या जमिनीत या गादीवाफ्यांचे विशेष महत्त्व आहे. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून चिकट होते. सलग पाऊस झाला की पाणी साचते, मक्याची मुळे गुदमरतात, पीक पिवळे पडते. वाफ्याची उंची आणि दोन वाफ्यांमधील सरी यांमुळे जादा पाणी निघून जाते आणि पावसाचा खंड पडला तर आतली ओल पिकाला तारते. एका एकरावर पडणारा अवघा एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४० हजार लिटर पाणी, हे ध्यानात घेतले म्हणजे शेतात मुरणाऱ्या थेंबाची किंमत कळते. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणातून चारशेहून अधिक किलोमीटर दूर मोताळा तालुक्यातील नळगंगा धरणापर्यंत पाणी आणणाऱ्या वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाची आस या भागाने धरली आहे. ते पाणी यावे, अवश्य यावे. परंतु आभाळातून स्वतःच्या शेतात उतरलेले पाणी धुऱ्याबाहेर जाऊ देऊन चारशे किलोमीटरवरच्या पाण्याची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नव्हे.

वैऱ्याच्या गवतापेक्षा घरचा प्रश्न अवघड

येथपर्यंत सारे गोड वाटते. मग नांगरट थांबत का नाही? आफ्रिकेतही हाच प्रश्न विचारला गेला. २००९ साली केन गिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील संवर्धित शेतीविषयी एक परखड शोधनिबंध लिहिला. लहान शेतकऱ्याच्या अडचणी दुर्लक्षून एकच नुस्खा सर्वत्र लादला जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २०१५ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत ६३ देशांतील ४८ पिकांवरच्या ६१० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नुसती नांगरट थांबवली तर उत्पादन सर्वसाधारणपणे घटते, हा त्याचा निष्कर्ष. मात्र कोरडवाहू भागात पांघरूण आणि पिकांची फेरपालट ही उरलेली दोन सूत्रे सोबत पाळली तर उत्पादन ७.३ टक्क्यांनी वाढते, असेही त्यात आढळले. तात्पर्य, तीन सूत्रांपैकी सोयीचे एक उचलून चालत नाही. नांगर बाजूला ठेवला, पण जमीन उघडी राहिली आणि दरवर्षी मक्यावर मकाच घेतला, तर पदरी तोटा येईल आणि दोष पद्धतीला दिला जाईल.

अडचण येथेच सुरू होते. जमिनीवर पसरायचे काय? मक्याचे जेवढे दाणे, जवळपास तेवढ्याच वजनाचा वाळलेला चारा निघतो, आणि तो गोठ्यातील जनावरांना हवा असतो. सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार गुरांच्या गव्हाणीत जाते, तुराट्या चुलीत किंवा कुडाला जातात. झिंबाब्वेच्या शेतकऱ्यापुढे नेमका हाच पेच होता. सुगी संपली की तेथील शेते गावच्या गुरांना मोकळी होतात. ज्याने धाटे राखली त्याच्याही शेतात दुसऱ्याची गुरे शिरतात. आपल्याकडे यापेक्षा वेगळे काय घडते? पाच एकरांतला एक शेतकरी आच्छादन राखायचे ठरवतो आणि रातोरात मोकाट जनावरे ते संपवून टाकतात. गाईला माता मानणाऱ्या आणि भूमीलाही माता मानणाऱ्या समाजापुढे दोन मातांच्या मुखातील घासाचा हा प्रश्न आहे. तो भावनेने सुटणार नाही, मापाने सुटेल.

संवर्धित शेतीसाठी जमिनीचा किमान ३० टक्के पृष्ठभाग झाकलेला असावा, असे मानले जाते. म्हणजे सारा चारा रानात ठेवण्याची गरज नाही. मक्याचा वरचा पालेदार भाग जनावरांना, खालचे जाड धांडे मातीला, अशी विभागणी करता येते. तुरीची गळालेली पाने तर कोणी मागतही नाही. ती आपोआप जमिनीवर पडतात आणि नत्र देतात. मक्याचे जाड धांडे कुजताना सुरुवातीला जमिनीतील नत्र ओढून घेतात, म्हणून सोबत तूर, उडीद, मूग किंवा चवळी असणे आवश्यक ठरते. कपाशीची पऱ्हाटी आजही अनेक ठिकाणी बांधावर पेटवली जाते किंवा रचून ठेवली जाते. रचलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. तीच पऱ्हाटी यंत्राने बारीक करून पसरली तर अळीची साखळी तुटायला मदत होते आणि मातीला अन्नही मिळते.

चाऱ्याच्या पेचावर केनियातून एक सुंदर उत्तर आले आहे. तेथील आंतरराष्ट्रीय कीटकविज्ञान केंद्राने मक्याच्या ओळींत डेस्मोडियम हे शेंगवर्गीय पीक आणि शेताच्या कडेने हत्तीगवत लावण्याची पद्धत रुजवली. डेस्मोडियमचा वास किडीला दूर लोटतो आणि कडेचे गवत तिला आपल्याकडे ओढते. अमेरिकन लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत आणि २०१८ साली भारतात आली, त्याच वर्षी तिने महाराष्ट्राचा मकाही पोखरला. या पद्धतीच्या शेतांत त्या अळीचा उपद्रव लक्षणीय कमी आढळला. शिवाय ही दोन्ही पिके उत्तम चारा देतात. हत्तीगवत विदर्भाला परके नाही. धुऱ्यावर ते लावले तर गोठ्याची गरज धुऱ्यावर भागेल आणि मक्याची धाटे मातीसाठी मोकळी होतील.

तणनाशकाचा पेच

दुसरी अडचण तणाची. नांगरट आणि डवरणी थांबली की पहिली दोन-तीन वर्षे तण उसळते. ब्राझीलपासून नेरळपर्यंत विना नांगरणीच्या बहुतेक प्रयोगांनी येथे तणनाशकाचा आधार घेतला आहे, त्यातही मुख्यतः ग्लायफोसेटचा. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला संभाव्य कर्करोगकारक ठरवले, इतर काही देशांच्या नियामक संस्थांनी ते मत मान्य केले नाही. २०२२ साली केंद्र सरकारने त्याची फवारणी केवळ कीडनियंत्रण चालकांमार्फतच व्हावी, असा आदेश काढला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले, ही आठवण अजून ओली आहे. डिझेलचा खर्च वाचवून तोच पैसा तणनाशक कंपनीच्या हाती द्यायचा असेल, तर त्यात स्वावलंबन कोणते?

म्हणून येथे मध्यम मार्ग शोधणे भाग आहे. 'तण खाई धन' ही म्हण प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. विना नांगरणीच्या पंथाने ती उलटी करून 'तण देई धन' असा मंत्र रूढ केला. फुलावर येण्यापूर्वी तण कापून जागीच पसरले तर तेच आच्छादन होते. मक्यात चवळी किंवा उडीद दाट घेतला तर तणाला ऊनच मिळत नाही. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी जीवामृत, बीजामृत, आच्छादन आणि वाफसा ही चतुःसूत्री देशभर नेली. तिच्यातील आच्छादनाचा आग्रह येथे उपयोगी पडतो. मात्र हे मजुरीचे काम आहे आणि खेड्यात मजूर मिळत नाही, हेही तितकेच खरे. यासाठी हाताने चालणारी स्वस्त तणकापणी यंत्रे, मका टोकणारी साधी अवजारे, गावातल्या गावात भाड्याने मिळाली पाहिजेत. अनुदानाच्या यादीत ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर वर्षानुवर्षे मानाने बसले आहेत. टोकण यंत्राला त्या पंक्तीत पाट कधी मिळणार?

'आमच्याकडे होतेच' एवढ्याने भागणार नाही

अशा विषयांत एक वाक्य हमखास ऐकू येते : हे सारे आमच्या परंपरेत होतेच. त्यात तथ्य आहे. अथर्ववेदातील भूमिसूक्तात भूमीचा जो भाग खणला तो लवकर भरून यावा आणि तिच्या मर्माला घाव लागू नये, अशी प्रार्थना केलेली आहे. वऱ्हाडातील जुने शेतकरी काळी जमीन दरवर्षी नांगरत नसत. काही वर्षांनी एकदा नांगर आणि एरवी वखर, असा त्यांचा शिरस्ता होता. कपाशीच्या आठ-दहा तासांनंतर तुरीची तासे, ज्वारीत तूर-मूग हे मिश्रण त्यांना कोणत्या विद्यापीठाने शिकवले नव्हते. इंग्रज सरकारने धाडलेल्या जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात भारतीय शेतकऱ्याच्या कौशल्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ साली इंदूरला संशोधन संस्था उभारली आणि येथील शेतकऱ्याकडून शिकत कंपोस्टची इंदूर पद्धत जगाला दिली.

हा वारसा अभिमानास्पद आहे. पण वारसा सांगून माती सुधारत नाही. ज्या वऱ्हाडाने वखराचे शहाणपण जपले, त्याच वऱ्हाडाने एका पिढीत रोटाव्हेटर स्वीकारला, तूर बांधावर हाकलली आणि शेणखताऐवजी पोत्यातल्या खतावर भिस्त ठेवली. हे कोणा परक्याने बळजबरीने करवले नाही. जुन्या पद्धतीला बैल, चारापाणी, सालदार आणि मोठे कुटुंब यांचा आधार होता. तो आधार गेल्यावर पद्धतही गेली. आजच्या परिस्थितीत टिकेल असा नवा आधार उभा केला नाही, तर परंपरेचे गोडवे सभागृहातच राहतील. उलट बाजूचा धडाही आफ्रिकेतून मिळतो. झिंबाब्वेत प्रकल्पांनी बियाणे आणि खते फुकट वाटली तोवर अनेक शेतकऱ्यांनी ही पद्धत पाळली. वाटप थांबले आणि पुष्कळजण जुन्या वाटेला परतले. अनुदानाने आणलेली श्रद्धा अनुदानाबरोबरच निघून जाते. २००६ साली विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे पंतप्रधान पॅकेज आले, त्यांत बुलढाणा होता. पॅकेजने संकटाचे मूळ हलले नाही, हे या जिल्ह्याने पाहिले आहे.

पूजनानंतरचे काम

२०२१ च्या वर्षप्रतिपदेपासून देशात भूमी सुपोषण अभियान सुरू झाले आणि गावोगावी भूमिपूजने झाली. पूजन हा संकल्प असतो, आणि संकल्पानंतर कृती यावी लागते. ती कृती मोठी असण्याची गरज नाही. धामणगाव बढ्यासारख्या प्रत्येक मोठ्या गावात पाच शेतकऱ्यांनी आपल्या शेतातील फक्त दहा-दहा गुंठे तीन वर्षांसाठी बाजूला काढावेत. तेथे कायमचे गादीवाफे, त्यावर मका आणि तूर किंवा उडीद, अर्धी धाटे जमिनीवर आणि धुऱ्यावर हत्तीगवत. शेजारीच नेहमीच्या पद्धतीचे तितकेच शेत. दोन्हींचा मजुरी, डिझेल, बियाणे, खत, उत्पादन यांचा हिशेब एका वहीत लिहावा. वही शेतकऱ्याच्या घरातल्या शिकलेल्या मुलीने किंवा सुनेने ठेवावी, म्हणजे ती खरी राहील. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रे यांनी दर हंगामाला तेथे एकदा यावे आणि मातीतील सेंद्रिय कर्ब मोजून द्यावा.

ग्रामसभेने मोकाट चराईचा एक नियम करावा. आच्छादन राखलेल्या शेतात गुरे शिरणार नाहीत, इतकाच. बटईने किंवा ठोक्याने जमीन कसणाऱ्याशी किमान तीन वर्षांचा करार व्हावा. कारण पुढच्या वर्षी शेत आपल्या हाती राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो त्या मातीवर धाटे कशाला पसरेल? शहरातील कुटुंबांनी गावच्या वडिलोपार्जित जमिनीचा मक्ता ठरवताना एवढी एक अट घालून पाहावी. या मासिकवजा साप्ताहिक वाचनात रमणाऱ्या अनेक घरांची गावी अशी जमीन आहे आणि दर उन्हाळ्यात तिचा मक्ता ठरवण्याची बोलणी फोनवर होतात.

पहिल्या वर्षी यातून चमत्कार घडणार नाही. कदाचित मक्याचे एखादे पोते कमीच भरेल. पाहुणे म्हणतील, याचे रान किती गबाळे दिसते! २०२५-२६ साठी मक्याला २४०० आणि तुरीला ८००० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला होता, परंतु बाजार तो पाळतोच असे नाही, हे शेतकरी जाणतो. भाव त्याच्या हातात नाही. पाऊसही नाही. नांगरटीचा खर्च, मातीवरचे पांघरूण आणि दोन ओळींमधली तूर एवढे तीन निर्णय मात्र त्याच्या हातात आहेत. तिसऱ्या वर्षी मृगाचा पहिला पाऊस पडेल तेव्हा पाचही शेतांच्या धुऱ्यावर जाऊन बाहेर पडणारे पाणी गढूळ आहे की नितळ, एवढे पाहावे. निकाल वाचायला त्याहून मोठा तज्ज्ञ लागणार नाही.